कामाच्या शेजारचं काम

दिवाळी अंकाचं काम छापखान्यात ऐन पावसाळ्यात सुरू व्हायचं. हस्तलिखित आलं की ते खिळे जुळाऱ्याच्या हातात पडे. त्याच्यासमोर तिरप्या घोडीवर लाकडी केस मांडलेली असे आणि तिच्यात अक्षरांच्या सुट्या खिळ्यांची शेकडो घरं. इंग्रजी जुळवणाऱ्याचं सव्वीस अक्षरांची लहान-मोठी रूपं, आकडे आणि चिन्हं एवढ्यावर भागायचं. मराठीच्या जुळाऱ्याला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, उकार, वेलांट्या, मात्रा यांची घरं न बघता सापडावी लागत. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून लावायचा, आणि ओळ उलटी, आरशात दिसावी तशी वाचत जायची. ओळ भरली की शब्दांमधल्या फटी सारख्या करायच्या, मॅटर गॅलीवर सोडायचं, सुतळीने बांधायचं, शाई फिरवून प्रूफ काढायचं. हे सगळं हाताला यायला वर्षं लागत. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून पुढची सात-आठ दशकं आपला वाङ्मयव्यवहार या हातांवर चालला. नव्वदच्या दशकात हे हात थांबले. संगणकावर मराठी अक्षरं आली, पानं लावणारं पेजमेकर आलं, गल्लोगल्ली ‘डीटीपी’च्या पाट्या लागल्या आणि खिळे भंगारवाल्याच्या काट्यावर गेले.

नवं तंत्र आलं आणि जुनं कौशल्य मेलं, असा निष्कर्ष यावरून काढायची सवय आहे. तो अर्धाच खरा आहे. जुळाऱ्याच्या कामात अनेक कामं मिसळलेली होती. खिळा शोधण्याचा वेग हे त्यातलं एक, आणि ते खरोखरच एका फटक्यात निरुपयोगी झालं. पण ओळ कुठे तोडायची, पानाच्या डोक्यावर एकटीदुकटी ओळ कशी येऊ द्यायची नाही, लेखकाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय हे कसं ओळखायचं, एवढा मजकूर किती फर्म्यांत बसेल, कागद किती रीम लागेल आणि गिऱ्हाइकाला खर्च किती सांगायचा, ही कामं पडद्यासमोर बसल्यावरही तशीच उरली. ज्या जुळाऱ्याची मुद्रितशोधकाच्या टेबलाशी, मशीनमनच्या शाईशी आणि मालकाच्या हिशेबवहीशी सलगी होती, त्याला संगणक शिकणं म्हणजे हत्यार बदलण्यासारखं होतं. ज्याला छापखान्याच्या शिस्तीने जन्मभर केसपुढेच उभं केलं, त्याच्या हाती काही उरलं नाही. दोघांच्या बुद्धीत किंवा कष्टांत फरक असेलच असं नाही. एकाला आपल्या कामाच्या अलीकडचं आणि पलीकडचं काम बघायला मिळालं, दुसऱ्याला मिळालं नाही. यात एक गंमतही आहे. मोठ्या, नावाजलेल्या छापखान्यात कामाची वाटणी काटेकोर असे. तालुक्याच्या गावी दोन-तीन माणसांच्या ट्रेडल छापखान्यात जुळारीच मशीन चालवी, तोच बाइंडिंग करी आणि लग्नपत्रिकेचा भावही तोच ठरवी. बदलाच्या वेळी या गावच्या जुळाऱ्याची स्थिती मोठ्या छापखान्यातल्या जुळाऱ्यापेक्षा बरी असण्याचा संभव होता, असं मानायला जागा आहे.

याच व्यवसायाचं दुसरं टोक पाहावं. विंडोज २००० पासून संगणकावर देवनागरी दाखवण्यासाठी ‘मंगल’ नावाचा फॉण्ट येऊ लागला. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. जोशी जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे, मग जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक, मग आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्राध्यापक, आणि या सगळ्याच्या जोडीला कवी आणि सुलेखनकार. हे वर्णन ऐकून कुणी त्यांना बहुश्रुत हौशी माणूस म्हणेल, पण कामाचं स्वरूप पाहिलं की एवढ्या गोष्टी एका माणसात का लागल्या ते कळतं. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर साठवली जाते, दाखवताना तिला उचलून पुढे आणावं लागतं. ‘आचार्यांचा’ आणि ‘आचाऱ्यांचा’ यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढं अंतर आहे, आणि ते एका ‘र’च्या दोन रूपांवर अवलंबून आहे. मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. राज्य शासनाने २००९ साली निर्णय काढून त्यांची रूपं निश्चित केली, तरी बहुतेक पडद्यांवर अजून हिंदी वळणच दिसतं. ही गुंतागुंत सोडवणाऱ्याला बोरूचं वळण कळावं लागतं, व्याकरण कळावं लागतं आणि संगणकाचे नियमही कळावे लागतात. निव्वळ प्रोग्रामरला ‘ऱ्या’ अडला आहे हेच दिसत नाही. निव्वळ चित्रकाराला तो दुरुस्त करता येत नाही. आज मुंबईत ‘एक टाइप’सारखा गट ‘मुक्ता’, ‘बलू’ असे फॉण्ट घडवतो आणि ते जगभर मोफत वापरले जातात. जिथे जुळाऱ्याचं काम संपलं, त्याच जागी नवं काम उभं राहिलं, पण ते एका शाखेच्या माणसासाठी नव्हतं.

तर या लेखात मांडायचं आहे ते एवढंच. कौशल्यांची रुंदी म्हणून जी काही सांगितली जाते, ती दहा विषयांची तोंडओळख असेल तर तिला बाजारात किंमत नाही आणि असूही नये. एक काम मुळापासून यावं, आणि त्या कामाला लागून असलेली दोन-तीन कामं, निदान ती करणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येईल इतकी, कळावीत. ही रुंदी नोकरी लागताना क्वचितच उपयोगी पडते. तिचा मोबदला धंद्याचं स्वरूप बदलतं तेव्हा मिळतो, म्हणजे बहुधा पंधरा-वीस वर्षांनी. नेमक्या याच कारणाने ती मिळवण्याची घाई कुणालाच नसते: मुलाला नसते, पालकांना नसते आणि मालकाला तर नसतेच.

याला पुरावा काय? एरिक हानुशेक, गुइडो श्वेर्ड्ट, लुडगर व्योसमान आणि लेई झांग या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली अकरा देशांतल्या पुरुषांच्या नोकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका विशिष्ट व्यवसायाचं शिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी काम लवकर मिळतं, सामान्य शिक्षण घेतलेले मागे पडतात. पण वय वाढत जातं तसा हा फायदा कमी होत जातो आणि उतारवयाकडे चित्र उलटतं. डेन्मार्क, जर्मनी, स्वित्झर्लंड या शिकाऊ उमेदवारीसाठी नावाजलेल्या देशांत ही उलटापालट अधिक ठळक दिसली. दुसरा अभ्यास डेव्हिड डेमिंग आणि काडीम नोरे यांचा, २०२० सालचा. त्यांनी अमेरिकेतल्या नोकऱ्यांच्या असंख्य जाहिराती तपासल्या आणि कोणत्या क्षेत्रात मागितली जाणारी कौशल्यं किती लवकर बदलतात ते पाहिलं. संगणक आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांना सुरुवातीचा पगार घसघशीत मिळतो, पण इतरांच्या मानाने असलेली त्यांची आघाडी पुढच्या काही वर्षांतच झपाट्याने घटते, कारण जे शिकून आलो तेच आधी जुनं होतं. डेमिंग यांनीच त्याआधी दाखवलं होतं की १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेत माणसांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा वाटा सुमारे १२ टक्के-अंकांनी वाढला, आणि ज्यांत गणित भरपूर पण माणसांशी बोलणं कमी, अशा नोकऱ्यांचा वाटा घटला. यातली वाढ गणित आणि संवाद दोन्ही लागणाऱ्या कामांत अधिक होती. हे आकडे अमेरिकेचे आहेत, आपले नाहीत, हे खरं. पण पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं काम ज्या गिऱ्हाइकांसाठी चालतं ती बरीचशी तिथलीच आहेत.

हिंजवडीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. गेली पंचवीस-तीस वर्षं आपल्या सॉफ्टवेअर कंपन्या सिव्हिल, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन अशा कुठल्याही शाखेचे अभियंते घेत आल्या आणि काही महिन्यांच्या प्रशिक्षणात त्यांना कोड लिहायला शिकवत आल्या. म्हणजे भरतीच्या वेळी शाखा कुणी बघत नव्हतं, शिकण्याची कुवत बघत होतं. गफलत त्यानंतर झाली. एकदा प्रोजेक्टवर गेल्यावर त्याच मुलाला एका परदेशी बँकेच्या एका प्रणालीतला एक मॉड्यूल मिळाला, आणि दहा वर्षं तोच राहिला. बँकेचं कर्ज कसं मंजूर होतं, त्या प्रणालीमुळे कुणाचं काय अडतं, हे त्याला कळण्याची गरज कुणाला वाटली नाही. तासांचं बिल लागत होतं तोवर सगळं ठीक होतं. मग साधन बदललं, चाचणीचं काम स्वयंचलित झालं, आणि पस्तिशी-चाळिशीचा माणूस बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, आला. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली. तिचा भर मध्यम आणि वरिष्ठ पातळीवर होता, आणि कंपनीने कारण दिलं ते कौशल्यांचा मेळ न बसण्याचं. ते कारण पूर्ण मानायचं की नाही हा प्रश्न आहेच. पण मेळ बसत नसेल तर माणसाला इतकी वर्षं एकाच खोबणीत कुणी बसवलं, हेही विचारायला हवं.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप आपल्याकडे म्हणीतच बसला आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. अर्थशास्त्रात तोच आक्षेप अॅडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्यावरून मांडला. दहा माणसांनी काम वाटून घेतलं तर दिवसाला ४८ हजार टाचण्या होतात; एकेकट्याने सगळं करायचं म्हटलं तर वीससुद्धा होणार नाहीत. आपली सगळी समृद्धी या वाटणीतून आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. (त्याच पुस्तकात पुढे स्मिथने असंही लिहिलंय की जन्मभर एकदोन सोप्या क्रिया करणाऱ्याची बुद्धी गंजते, हा भाग मात्र कमी सांगितला जातो.) या आक्षेपाचं आधुनिक आणि जास्त भक्कम रूप अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन जोन्स यांनी २००९ साली मांडलं. ज्ञानाचा साठा वाढत जातो तसं त्याच्या सीमेपर्यंत पोचायलाच अधिक वर्षं लागतात. म्हणून संशोधक पहिला शोध अधिक वयात लावतात, अधिक अरुंद विषयात राहतात आणि अधिक मोठ्या गटांत काम करतात. सर्वज्ञ पंडिताचा काळ गेला, तेव्हा रुंदीच्या गप्पा कशाला?

हे निरीक्षण मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ब्रायन उझी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १ कोटी ७९ लाख शोधनिबंध तपासले. ज्यांचा प्रभाव सर्वाधिक पडला ते निबंध भलतेसलते विषय एकत्र करणारे नव्हते. त्यांचा बहुतांश पाया आपल्या शाखेच्या परंपरेतच होता. त्यात थोडासा, पण नेमका, अनपेक्षित ठिकाणचा संदर्भ मिसळलेला होता. आपल्याला याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती. संख्याशास्त्राचा वापर करून पाहायला त्यांना एक प्रत्यक्षातला प्रश्न हवा होता, तो त्यांनी प्राचीन आहत नाण्यांत शोधला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं आणि हलकं होतं. हजारो नाणी नाजूक तराजूवर तोलून त्यांच्या सरासरीवरून कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, याचा माग त्यांनी काढला. तिथून ते इतिहासात गेले आणि १९५६ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाची दिशाच बदलली. मधल्या काळात जनुकांमधलं अंतर मोजण्याचं एक सूत्रही त्यांनी दिलं. पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे आजही ते कोसंबींच्या नावाने वापरतात. गणितातली पकड घट्ट होती म्हणूनच या उड्या जमल्या. आणि बाजाराचा हिशेबही इथेच बघून घ्यावा: १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्याची कारणं अनेक सांगितली जातात, पण एवढी रुंदी त्यांची नोकरी वाचवू शकली नाही हे खरंच.

कोसंबी हे टोकाचं उदाहरण झालं. रोजच्या कामातलं पाहायचं तर चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्यातलं ब्रेकडाउन घ्या. रात्रपाळीत मशीन थांबतं. सिलिंडर पुढे सरकत नाही. फिटर येतो, हवेचा दाब बघतो, पाइप बघतो, सिलिंडर हाताने हलवून बघतो आणि सांगतो की मेकॅनिकल काही नाही, इलेक्ट्रिकलचा प्रॉब्लेम आहे. इलेक्ट्रिशियन येतो, पॅनल उघडतो, सप्लाय तपासतो, फ्यूज तपासतो आणि सांगतो की सगळं ठीक आहे, मेकॅनिकलला बोलवा. तासभर गेला. मशीनचं नियंत्रण करणाऱ्या पीएलसीच्या पडद्यावर एक इनपुट बंद दिसत असतं, पण ते इनपुट कुठल्या सेन्सरचं हे त्याच्या प्रोग्रामची आकृती, म्हणजे लॅडर डायग्राम, वाचणाऱ्यालाच समजतं. शेवटी कळतं की जॉब क्लॅम्प झाला हे सांगणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर बसण्याच्या पट्टीचा बोल्ट ढिला झालाय, पट्टी दोन मिलिमीटर सरकली आहे. बोल्ट फिटरचा, सेन्सर इलेक्ट्रिशियनचा, प्रोग्राम तिसऱ्याचाच. दुरुस्ती दोन मिनिटांची. फिटर म्हणून शिकलेला पण न्यूमॅटिक सर्किट आणि लॅडर दोन्ही वाचणारा एक माणूस पाळीला असेल तर तो तास वाचतो. अशा माणसाला मालक सहजी सोडत नाहीत. पण तो तयार कसा होतो? बहुतेक वेळा योगायोगाने: त्याला कुतूहल होतं आणि एखाद्या इलेक्ट्रिशियनने त्याला हुसकावून लावलं नाही. आयटीआयमध्ये फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे दोन वेगळे ट्रेड, त्यांच्या कार्यशाळा वेगळ्या, परीक्षाही वेगळ्या.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि रुंदीची भलामण करणारे बहुतेकजण त्याला बगल देतात. कामगार संघटनेचा कुठलाही जुना कार्यकर्ता तो सांगेल. मालक ‘मल्टिस्किलिंग’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तिघांचं काम एकाकडून एका पगारात करून घ्यायचं असतं. हे खरं आहे आणि त्याचा ढळढळीत पुरावा आपल्या गावागावांत फिरतो आहे. आशा सेविकेकडे पाहा. गरोदर बाईची नोंद, बाळंतपणासाठी दवाखान्यात सोबत, लसीकरण, क्षयाच्या रुग्णाची गोळी, साथीचं सर्वेक्षण, आयुष्मान कार्ड, मोबाइलवर माहिती भरणं, आणि या सगळ्यासाठी गावाचं मन वळवणं. आरोग्य, समाजशास्त्र, संवाद, आकडेवारी अशा चार शाखा एका बाईत एकवटल्या आहेत. तरी सरकारदरबारी ती कर्मचारी नाही, मानधनावरची स्वयंसेविका आहे. २०२४ च्या सुरुवातीला मानधनवाढीसाठी या बायकांना मुंबईच्या आझाद मैदानात बसावं लागलं. तेव्हा रुंदी आली की मोल आपोआप येतं, हा समज भाबडा आहे. मोल येण्यासाठी त्या कौशल्याला दर्जा लागतो, प्रमाणपत्र लागतं, वेतनश्रेणी लागते आणि ते मागणारी संघटना लागते.

आणखी एक मर्यादा इथेच सांगायला हवी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. साचेखात्यातल्या माणसाला थोडं इलेक्ट्रिकल येत असतं तर तो तरला असता, असं कुणी म्हटलं तर तो त्या माणसांचा अपमान होईल. गिरणीच्या जमिनीला कापडापेक्षा जास्त भाव आला होता. तिथे कुठलंच कौशल्य कामी येणार नव्हतं. कामगाराच्या अंगातली कमतरता दाखवून मालकाचे आणि सरकारचे निर्णय झाकायचे, हा प्रकार जुना आहे. रुंदीचा आग्रह त्या कामासाठी वापरला जात असेल तर त्याला विरोधच करावा.

तिसरा आक्षेप आकड्यांचा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. मग ‘सामान्य’ शिक्षण अजून कशाला पसरवायचं, असं विचारलं जातं. यातला एक भाग असा की निरक्षर माणसाला बेरोजगार राहणं परवडत नाही, मिळेल ते तो करतो. पण महत्त्वाचा भाग वेगळा आहे. आपली बी.ए., बी.कॉम. ही पदवी रुंद आहे, हेच मुळात खोटं आहे. गाइडमधली वीस उत्तरं पाठ करून मिळणारी पदवी अरुंदच असते. तिच्यात खोलीही नाही आणि शेजारही नाही. तिच्या अपयशावरून रुंदीविरुद्ध निकाल देता येत नाही.

रुंदी शिकवता येते का? येते, आणि ती पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात शिकवून झाली आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. करून आलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ पदावर काम केलेले. ते सोडून १९८३ साली त्यांनी पाबळ या तेव्हाच्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुलं त्यांनी घेतली आणि कार्यशाळा, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशा चार अंगांनी सगळ्यांनाच शिकवायचं ठरवलं. कुणी फक्त वेल्डर, कुणी फक्त माळी असं नाही. कोंबड्यांची एक साधी शेड उभारायची म्हटली तर काय काय येतं बघा. जागा मोजायची, आराखडा काढायचा, अँगल कापून वेल्डिंग करायचं, हवा कुठून खेळेल ते ठरवायचं, दिव्याची वायर ओढायची, खाद्य आणि वजन यांची नोंद ठेवायची, आणि हे सगळं किती रुपयांत पडलं याचा हिशेब मांडायचा. खर्चाचा हा अंदाज त्या शिक्षणात विषय म्हणूनच आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वेगवेगळी कामं एकमेकांशी बोलायला लागतात ती खर्चाच्या कागदावर. काम गावातल्या खऱ्या गिऱ्हाइकासाठी असतं, त्यामुळे ‘पास’ ठरवणारा माणूस परीक्षक नसतो. याच पद्धतीतून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवड्यातला एक दिवस देऊन राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत शिकवला गेला. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीतल्या नील गर्शनफेल्ड यांनी आपल्या ‘फॅब लॅब’ या कार्यशाळेसाठी देशाबाहेर जी अगदी पहिली जागा निवडली, ती पाबळ.

यावर एक आक्षेप महाराष्ट्रातच घेतला जाऊ शकतो, आणि घेतला गेला आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम निघाली तेव्हापासून तो आहे: हाताचं काम शिकवायचं कुणाला? बहुजनांच्या मुलांनी तासणी-रंधा धरायचा आणि वरच्या जातींच्या मुलांनी कायदा आणि वैद्यक शिकायचं, अशी ही नवी वर्णव्यवस्था तर नाही? शंका रास्त आहे. दहावीला कमी गुण मिळालेल्यांना ‘व्यवसाय शिक्षणा’कडे वळवायचं आणि जास्त गुणवाल्यांना विज्ञान शाखेत घालायचं, ही आजची पद्धत ती शंका खरी ठरवते. उपाय हाताचं काम काढून टाकण्यात नाही. ते नव्वद टक्केवाल्यालाही सक्तीचं करण्यात आहे. ज्या मुलाला पुढे पूल बांधायचा आहे त्याने शाळेत असताना एकदा तरी काँक्रीट कालवलेलं असावं, आणि ज्याला पुढे वेल्डिंग करायचं आहे त्याने निविदा वाचायला शिकलेलं असावं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांच्या भिंती पाडायच्या असं म्हटलं, आणि राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून त्यानुसार मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतला खुला विषयही घ्यावा लागतो. हेतू चांगला आहे. प्रत्यक्षात त्याचा तक्ता होण्याची भीती आहे: रसायनशास्त्राच्या मुलीने दोन श्रेयांकांसाठी कुठलासा सोपा विषय निवडायचा, बहुपर्यायी परीक्षा द्यायची आणि विसरून जायचं. तिच्या मुख्य विषयाला लागून असलेला विषय तिला मिळाला, समजा औषध कंपन्यांचं पेटंट कसं चालतं हा, किंवा एमआयडीसीतल्या सांडपाण्याचे नियम हा, तर तो तिच्या कामी येईल. भिंत पाडली म्हणून शेजार तयार होत नाही. कुठला विषय कुणाला लागून आहे हे प्राध्यापकांनी एकत्र बसून ठरवावं लागतं, आणि जिथे निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत तिथे त्यांनी बसायचं कधी, हा साधा प्रश्न धोरणाने सोडवलेला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केल्याशिवाय आजकाल असा लेख पुरा होत नाही, तेव्हा थोडक्यात. यंत्राला आता सगळ्याच विषयांचं थोडं थोडं येतं, मग माणसाला रुंदी कशाला, असं विचारणारे आहेत. ज्यांनी यंत्राकडून करारनाम्याचं मराठी भाषांतर करून घेतलं असेल त्यांना उत्तर ठाऊक आहे. भाषांतर वाचायला छान असतं. ‘तारण’ आणि ‘गहाण’ यांची अदलाबदल झालेली असते. ती पकडायला मराठी यावं लागतं आणि कायदाही यावा लागतो. यंत्राने स्वस्त केलं आहे ते एकाच विषयातलं सरासरी काम. दोन विषयांच्या सांध्यावर झालेली चूक ओळखणं अजून स्वस्त झालेलं नाही, आणि चुकीची जबाबदारी घेऊन सही करणारा माणूस अजून लागतोच.

राहिला प्रश्न हे सगळं करायचं कुणी आणि कुणाच्या खर्चाने. रुंदीचा फायदा वीस वर्षांनी, आणि तोही बहुधा दुसऱ्याच मालकाला. त्यामुळे कुठलाही एक कारखाना आपणहून त्यावर पैसा घालणार नाही. म्हणूनच हे कायद्यातून व्हायला हवं, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालापासून आहे. त्यातल्या सध्याच्या तरतुदींनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आज त्या उमेदवाराला बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी ज्या मशीनवर उभं करतात, तिथेच तो शेवटच्या दिवसापर्यंत असतो, कारण तो स्वस्तात मिळालेला हात असतो. वर्षातले आठ महिने त्याच्या ट्रेडमध्ये, दोन महिने त्याच्या अलीकडच्या विभागात, दोन महिने पलीकडच्या, आणि शेवटी तिन्हींची नोंद असलेलं प्रमाणपत्र, एवढी अट राज्याच्या कौशल्य विभागाने आपल्याकडच्या उमेदवारीच्या योजनांना जोडावी, आणि केंद्राकडे नियमातच ती घालण्याचा आग्रह धरावा. आणि चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी इथल्या ज्या उद्योजकांची कायमची तक्रार असते की कामाची माणसं मिळत नाहीत, त्यांनी या अटीची वाट न बघता येत्या तुकडीपासूनच फिटरच्या पोराला दोन महिने इलेक्ट्रिकल पॅनलपाशी उभं करावं.